जानकीचं वायरिंग

"दादा, लाल दिवा डावीकडे!" पद्मजा चिखलातून ओरडली. "तुझ्या डावीकडे नाही रे, बोटीच्या डावीकडे!"

बोटीवर उभ्या असलेल्या सुबोधने आधी स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं, मग उजव्या हाताकडे. एका हातात लाल दिवा होता, दुसऱ्यात हिरवा. तो बोटीच्या मागच्या बाजूकडे तोंड करून उभा होता, त्यामुळे त्याचं डावं ते बोटीचं उजवं होतं. पण एकतीस वर्षं बँकेत काढून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेल्या आणि बोरीवलीच्या आपल्या सोसायटीत चार वेळा बिनविरोध सेक्रेटरी झालेल्या माणसाला आपण उलटे उभे आहोत हे सांगणार कोण?

"बोटीला काय हात असतात?" तो म्हणाला.

"तू समुद्राकडे तोंड करून उभा राहा. आता जो डावा हात, तिकडे लाल. नाहीतर समोरून येणाऱ्याला वाटेल, आपण मागे चाललोय."

"एवढं कोण बघतं गं?"

"समोरून येणारा बघतो. त्याला मरायचं नसतं."

सुबोधने दिवे खाली ठेवले आणि चहा मागवला. पेच पडला की चहा मागवायचा, ही त्याची बँकेतली रीत होती.

सकाळचे नऊ वाजले होते. गोराई खाडीच्या काठाला ओहोटीचा चिखल अजून ओला होता, आणि त्यात लाकडी टेकू लावून 'जानकी' उभी होती: बत्तीस फुटांची, नऊ वर्षं उन्हात वाळलेली, सहा महिन्यांपूर्वीपर्यंत कावळ्यांच्या मालकीची. मधुकर सुताराने कुजलेल्या फळ्या काढून नव्या घातल्या होत्या, फटी बुजवल्या होत्या, निळा रंग दिला होता. आज पौर्णिमा. दुपारी साडेबाराला उधाणाची भरती येणार आणि बोट आपोआप तरंगणार, असा बेत होता. त्याच्या आत वायरिंग पुरं व्हायला हवं होतं.

तारी कुटुंबात वायरिंग कळणारं एकच माणूस होतं, आणि ते चिखलात उभं होतं. पद्मजा बावन्न वर्षांची. मुलुंडला आयटीआय करून विक्रोळीच्या कारखान्यात तिने तीस वर्षं कंट्रोल पॅनेल जोडली होती. तिने जोडलेली पॅनेलं जहाजांवरसुद्धा गेली होती. फक्त ती स्वतः कधी बोटीवर गेली नव्हती. कारण बाबांचा नियम. बाईने बोटीवर पाय ठेवला की मासळी पाठ फिरवते, असं दशरथ तारी मानत. गिरणी बंद पडल्यावर देवगडचा हा गडी पुन्हा आपल्या वाडवडिलांच्या धंद्यात शिरला, बोट घेतली, तिला बायकोचं नाव दिलं आणि बायकोला काठावर ठेवलं. बावीस वर्षं जानकीबाईंनी याच बोटीची मासळी बोरीवलीच्या बाजारात विकली. नाव बोटीवर, टोपली डोक्यावर, पाय चिखलात. त्या जाऊन अकरा वर्षं झाली होती. चिखलातली त्यांची जागा आज मुलीने घेतली होती.

मग वायरिंग कुणी केलं? जावयाने.

सुबोधचा जावई देवव्रत 'स्मार्ट होम'चा धंदा करी. म्हणजे अंधेरीतल्या फ्लॅटांत टाळी वाजवली की पडदा सरकेल अशी सोय करून देई. बोटीची डागडुजी काढली तेव्हाच त्याने सासऱ्यांना पटवलं होतं की 'जानकी'वर संध्याकाळच्या सहली काढायच्या. सूर्यास्त, सोलकढी आणि सेल्फी. म्हाताऱ्या दशरथ तारींना मात्र सुबोधने एवढंच सांगितलं होतं की बाबा, तुम्ही ऐंशी पूर्ण केलीत, एकदा स्वतःच्या हाताने बोट बाहेर काढा. त्यावर म्हातारा सहा महिने खूश होता. अर्धं सत्य सांगून पूर्ण काम काढून घेणं सुबोधला सेक्रेटरीपदाने शिकवलं होतं.

"पद्माआत्या, टेन्शन नका घेऊ," बोटीच्या कठड्यावरून देवव्रत म्हणाला. पांढरेशुभ्र बूट घालून तो बोटीच्या कामाला आला होता. "फुल ॲपवर आहे सगळं. लाइट, म्युझिक, पंप."

"पंप?"

"हो, तळातलं पाणी उपसायचा. तो जुना डबडा पंप होता ना, काढून टाकला. घरच्या टाकीला बसवतो तसला बसवलाय. झकास!"

"तो दोनशे तीस व्होल्टचा. बोटीवर बॅटऱ्या आहेत."

"म्हणून इन्व्हर्टर टाकलाय ना."

"ओल्या लाकडात दोनशे तीस? आणि वायर कुठली वापरलीस?"

त्याने उरलेलं भेंडोळं वरून दाखवलं. घरात भिंतीतून घालतात तीच वायर, तांब्याची, बिनकल्हईची. खाऱ्या हवेत सहा महिन्यांत ती आतून हिरवी होते आणि वर्षभरात काळी. सांधे तर नुसते पिळून वर टेप गुंडाळलेले. मेन स्विच कुठे आहे, असं तिने विचारलं, तेव्हा देवव्रतने खिशातला मोबाइल काढून दाखवला.

"देवा," ती म्हणाली. हाक देवव्रतला नव्हती, पण "काय आत्या?" असं त्यानेच विचारलं.

तिने मोर्चा भाचीकडे वळवला. सुबोधची मुलगी प्रांजल काठावर दगडावर बसून पूजेची तयारी करत होती. नवऱ्याच्या कंपनीत ती हिशेबापासून जाहिरातीपर्यंत सगळं बघे, आणि नवऱ्याचं काम कसं चालतं याविषयी तिला अगदी नेमकी माहिती होती, म्हणून ती त्या विषयावर बोलत नसे.

"प्रांजल, नऊ वर्षं वाळलेलं लाकूड आहे. पहिल्यांदा पाण्यात गेलं की गळणारच. फळ्या पाणी पिऊन फुगेपर्यंत चार-सहा तास पंपच तिचा प्राण. आणि तो हा असा! आज सोडू नका तिला. पुढच्या उधाणाला सोडा. दोन आठवड्यांत मी सगळं नव्याने ओढून देते."

"आत्या, तू वर कशी जाणार? आजोबा ऐकणारेत का?"

"मग त्यांना तू सांग. तू लाडकी आहेस."

प्रांजलने निरांजनात वात ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. "देवव्रतने दीडशे लोकांना व्हिडिओ पाठवायचं कबूल केलंय," ती म्हणाली. "आज मी त्याच्याविरुद्ध बोलले तर घरी वाट लागेल यार. प्लीज."

पद्मजा भावाकडे गेली. सुबोध बोटीवरून उतरून चहा पीत होता. त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाला, "तुझा मुद्दा नोंदवून घेतलाय."

"नोंदवू नकोस, थांबव."

"पद्मा, जावई आहे तो. त्याला चार माणसांत तोंडघशी पाडू? तू म्हणतेस ते बरोबर असेलही. पण बरोबर असणं म्हणजे सगळं नसतं ना!"

मधुकर सुतार दूर टेकूपाशी बिडी ओढत होता. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले. "फळ्यांचं मला विचारा ताई," तो म्हणाला, "वायरींचं जावयांना." मग हळूच पुढे म्हणाला, "तो जुना बॅटरीवरचा पंप भंगारात निघालेला, मी गोणपाटात घालून ठेवलाय. उगाच आपला."

अकरा वाजता दशरथ तारी आले. धुवट पांढरा लेंगा, डोक्याला टोपी. मधुकरने आणि सुबोधने हाताला धरून त्यांना फळीवरून वर चढवलं. ते सुकाणूच्या चाकामागे लाकडी पेटीवर बसले आणि त्यांनी चाकाला हात लावला. पद्मजाने काठावरून हाक मारली.

"बाबा, पंपाचं काम कच्चं आहे. आज नका जाऊ."

म्हाताऱ्याने काठाकडे पाहिलंही नाही. "चेडवा, माका शिकव नको. तुझ्या जल्माआधीपासून पाणी बघतंय."

"पाण्याचं नाही, विजेचं सांगतेय."

"ता जावई बघतत."

नारळ फुटला. देवव्रतने मोबाइलवर बोट फिरवलं आणि 'जानकी'च्या कठड्यावर निळ्या, गुलाबी, जांभळ्या दिव्यांची माळ पेटली. भर दुपारी. बाजूच्या होडीत जाळी विणत बसलेल्या बाईने पदर तोंडाला लावला. स्पीकरवर कसलंसं धांगडधिंग्याचं गाणं लागलं. पंप घुर्रर्र करून चालू झाला, अर्धा मिनिट कोरडाच फिरला आणि बंद केला गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "बघितलंत आत्या?" देवव्रत म्हणाला. पद्मजा म्हणाली, "बघितलं. कोरडा पंप फिरला. आता ओला फिरू दे."

खाडीचं पाणी वेळेवर आलं. ते सोसायटीच्या सभेसारखं नसतं. बाराला टेकू अर्धे बुडाले. सव्वाबाराला बोट थोडी हलली, कुरकुरली. मधुकरने टेकू सोडवले, दोर काठच्या खुंटाला आवळला, आणि नऊ वर्षांनी 'जानकी' पाण्यावर आली. म्हाताऱ्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. बोटीवर ते, सुबोध आणि देवव्रत असे तिघे, काठावर दोघी बायका आणि सुतार.

"पेढे!" सुबोधला आठवलं. "प्रांजल, पेढे गाडीतच राहिले."

प्रांजल पेढे आणायला रस्त्याकडे गेली.

तीन-चार मिनिटांनी इंजिनाच्या खणातून खळखळ ऐकू आली. सुबोधने वाकून पाहिलं. पाणी घोट्यापर्यंत आलं होतं आणि फळ्यांच्या फटींतून बारीक धारा लागल्या होत्या.

"देवव्रत, पंप."

देवव्रतने बोट दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. स्क्रीनवर गोल चक्र फिरत राहिलं. "डिव्हाइस ऑफलाइन दाखवतंय. असं कसं? वायफाय तर..." आणि तो थबकला. बोटीवरचं वायफाय म्हणजे प्रांजलच्या मोबाइलचा हॉटस्पॉट होता. आणि मोबाइल प्रांजलच्या पर्समध्ये. बोटीचा मेंदू पेढे आणायला गेला होता.

"प्रांजल!" तो काठाकडे बघून किंचाळला. "प्रांजल, परत ये!"

पाणी पोटरीपर्यंत आलं. सुबोधने पूजेचा तांब्या घेतला आणि उपसायला लागला. एक तांब्या बाहेर, दहा आत. पाणी आत सोडायला सभेचा ठराव लागत नाही, हे त्याला आत्ता कळत होतं. देवव्रतने मग पुरुषासारखं काहीतरी करायचं ठरवलं. तो खणात उतरला, पांढरे बूट बुडाले. त्याने ॲपवर चालणाऱ्या प्लगाला वगळून दोन वायरी सरळ हाताने जोडायला घेतल्या.

"हात काढ!" पद्मजा काठावरून गरजली. "पाण्यात उभा आहेस, हात काढ आधी!"

त्याने हात काढला, म्हणून पुढचं सगळं सांगण्यासारखं राहिलं. त्याच क्षणी इन्व्हर्टरमधून चर्र आवाज झाला आणि फळ्यांखालून धूर आला. आधी पांढरा, मग काळपट, रबर जळाल्याच्या वासाचा. गुलाबी माळ एकदा लुकलुकून विझली.

"बाबा, उतरा! फळीवर या!" सुबोध ओरडला.

"मी उतरूचंय नाय," म्हातारा म्हणाला. त्याची दोन्ही हातांची पकड चाकावर होती. "माझी बोट हा. बुडली तर माका घेवन बुडांदे."

मधुकर फळीकडे धावला, पण त्याच्याही आधी पद्मजा पोचली होती. एका हातात गोणपाट, खांद्याला तिची कारखान्यातली अवजारांची पिशवी. फळीच्या टोकाशी ती थांबली. फार नाही, श्वासभर.

"पद्मा!" वडिलांचा आवाज आला. "थयच रव! बायलमाणसान बोटीर पाय ठेवूचो नाय!"

"ठेवते, बाबा," ती म्हणाली आणि तिने ठेवला.

आभाळ कोसळलं नाही. खाडीनेही काही विशेष दखल घेतली नाही. धूर मात्र डोळ्यांत गेला.

"देवव्रत, बाहेर. मधून बाजूला हो. मेन कुठे आहे?"

"ॲपवरून..."

"बाजूला हो!"

बॅटऱ्या खणातल्या उंच फळीवर होत्या, पाण्याच्या वीतभर वर. तिने पान्याला रबराची नळी ओढली, विजेचा धक्का छातीतून जाऊ नये म्हणून एक हात पाठीमागे घेतला आणि एका हाताने बॅटरीचा नट सोडवायला लागली. नट हलेना. धुराने खोकला आला. तिने मनात कारखान्यातल्या जुन्या फोरमनला शिवी घातली, कारण तोच म्हणायचा की घाई करतो त्याचा नट गोल होतो. सावकाश. पाव फेरा. अर्धा. टोक सुटलं, एक निळी ठिणगी उडाली, आणि इन्व्हर्टरचं चरचरणं थांबलं.

"टॉर्च," ती म्हणाली, कुणालाच उद्देशून नाही.

खणात उजेड पडला. तिने वर पाहिलं. प्रांजल होती. पेढ्यांचा पुडा काठावर टाकून, साडी कमरेला खोचून ती बोटीवर चढली होती.

"प्रांजल, तू कशाला..." देवव्रतने सुरुवात केली.

"तू जरा गप्प बस रे," ती म्हणाली. लग्नाला सहा वर्षं झाली होती. हे वाक्य साधारण पाच वर्षं उशिरा आलं.

पद्मजाने गोणपाटातून जुना पंप काढला. पिशवीतून जाड दुपदरी केबल, फ्यूजची डबी, दाबून बसवायची टोकं. वायर सोलली, टोकं बसवली, पकडीने दाबली, ओढून पाहिली. पाणी गुडघ्याला लागलं होतं. तिने पंप तळाशी दाबून धरला आणि पाइप कठड्यावरून बाहेर टाकायला सांगितलं. सुबोधने तांब्या सोडून पाइप धरला. सेक्रेटरीने आज पहिल्यांदा कुणाचं तरी मुकाट ऐकलं. तिने केबलचं टोक बॅटरीला लावलं.

डबडा पंप दोनदा खाकरला. मग कठड्याबाहेर पाण्याची काळी, तेलकट, मनगटाएवढी जाड धार पडली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे धार बघत राहिले. दहा मिनिटांनी पाणी पोटरीवर उतरलं, अर्ध्या तासाने घोट्यावर. फळ्या पाणी पीत होत्या, फटींतल्या धारा बारीक होत होत्या. देवव्रत बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेकडे बसून बुटातलं पाणी ओतत होता. तेवढ्यात त्याने मोबाइल काढला आणि उपसणाऱ्या पंपाचा व्हिडिओ घेतला. "बॅकअप सिस्टिम म्हणून टाकतो," तो म्हणाला. प्रांजलने मोबाइल त्याच्या हातातून काढून घेतला.

सुबोधने घसा साफ केला. धोका टळला की त्याला पद्धत आठवे. "बाबा, जे झालं ते झालं. पण चार लोक बोलतील. मी काय म्हणतो, भटजींना बोलावून बोटीची छोटीशी शुद्धी..."

"कशाची शुद्धी?" पद्मजाने खणातूनच विचारलं. तिचे हात काळे झाले होते, तिने कोपराने केस मागे सारले. "रबर जळल्याच्या वासाची?"

"तसं नाही गं, पण बाबांच्या भावना..."

पद्मजा उभी राहिली. खणात उभं राहिल्यावर तिचं डोकं बरोबर वडिलांच्या गुडघ्याशी येत होतं. "हे सगळं वायरिंग उद्या मी उपटून काढणार आहे," ती म्हणाली. "नवीन घालायचं तर कल्हईची वायर, बॅटरीपाशी मेन स्विच, प्रत्येक लाइनला फ्यूज. आणि मी ते इथे बसून करणार. चिखलातून ओरडून नाही. चालत नसेल तर आत्ताच सांगा. पंप काढून घेते आणि घरी जाते."

शेवटची धमकी पोकळ होती, हे तिला माहीत होतं आणि बहुधा म्हाताऱ्यालाही. त्याने चाकावरची पकड सोडली. पंप घुमत होता.

"तुझ्या आवशीन इचारल्यान होता," तो म्हणाला. आवाज खाली गेला होता. "एकदा. माका बोटीर न्हेवा म्हणून."

"एकदा नाही, बाबा," पद्मजा म्हणाली. "दर वर्षी. नारळ वाहून झाला की आई विचारायची. घरी येऊन मला सांगायची, पुढल्या वर्षी नेणार आहेत."

सुबोध दुसरीकडे बघायला लागला. त्यालाही सांगायची ती. त्याने तेही नोंदवून घेतलं होतं.

दशरथ तारींनी मांडीवरची टोपी उचलली, झटकली, डोक्यावर घातली. चाकाला धरून सावकाश उभे राहिले. ऐंशी वर्षांच्या गुडघ्यांना वेळ लागला, पण त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही.

"सुबोधा," ते म्हणाले, "तू आणि जावई, दोघय खाली उतरा."

"आम्ही? का?"

"बोट जड झाली हा."

"बाबा, आता भरती आहे, कमरेएवढं पाणी आहे खाली! फळी पण सरकलीय!"

"मग पँट वर करा," म्हातारा म्हणाला.

सुबोधने मदतीच्या आशेने मधुकरकडे पाहिलं. मधुकर दोराची गाठ अत्यंत बारकाईने तपासत होता. मग निवृत्त मॅनेजर आधी उतरले, तांब्या डोक्यावर धरून. मागोमाग देवव्रत, दोन्ही बूट हातात घेऊन. बाजूच्या होडीतली बाई या वेळी पदर न लावता हसली.

प्रांजलही उतरायला वळली.

"तू खय चल्लंस?" आजोबांनी विचारलं. "टॉर्च कोण धरतला?"

ती परत आली. दशरथ तारी चाकापासून बाजूला सरले, खणाच्या काठाशी वाकून बसले आणि मुलीच्या काळ्या हातांकडे पाहत राहिले. पद्मजाने जळलेल्या वायरींचा गुंता ओढून वर त्यांच्यासमोर टाकला.

"धरा हे टोक, बाबा. घट्ट. मी कापते."

त्यांनी धरलं.